गाठीला थोडे, पाहण्यास फार : मेहकरची इतिहासयात्रा

इतिहासप्रसिद्ध नगरे पाहावयाची म्हणजे मोठ्या द्रव्यबळाची गोष्ट, असा समज सुशिक्षित कुटुंबांतून बराच दृढ झालेला आढळतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की प्रवासी कंपन्यांची पत्रके घरात येतात. रोम, कैरो, पेरू देशातील कुस्को अशा नगरांची रंगीत चित्रे सर्वजण कौतुकाने पाहतात. शेवटी खर्चाचा आकडा वाचला जातो आणि पत्रक कपाटाच्या खणात जाते. त्या पत्रकाबरोबर इतिहास पाहण्याची इच्छाही खणातच पडून राहते, ही यातील खरी हानी होय. कारण मनुष्याचा हळूहळू असा ग्रह होऊन बसतो, की इतिहास हा नेहमी दूरदेशी असतो आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याने तो केवळ पुस्तकात वाचावा.

हा ग्रह महाराष्ट्रात पूर्वी नव्हता. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले, ते चैनीखातर नव्हे. घरी दारिद्र्य होते आणि दक्षिणा मिळवून ते दूर करावे एवढाच हेतू होता. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली आणि या गरीब भिक्षुकाने झाशीचा वेढा व त्यानंतरचा कहर डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये छापली गेली, आणि त्या काळाच्या मराठी साधनांत तिला मानाचे स्थान मिळाले. ते पायी चालले, लोकांच्या ओसरीवर उतरले आणि वाटसरूंशी बोलले. म्हणूनच त्यांना इतके दिसले. मेण्याचे पडदे सोडून जाणाऱ्यास यातील फारच थोडे दिसले असते. अल्पव्ययाने केलेला प्रवास हा दुय्यम प्रतीचा प्रवास होय, असे मानण्याचे कारण नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

आता ज्या कुस्कोचे चित्र पाहून सुस्कारा सोडला जातो, तेथे पाहावयाचे तरी काय असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले हे नगर इंका राजांची राजधानी होते. १५३३ च्या अखेरीस पिझारोच्या स्पॅनिश सैन्याने ते घेतले. कोरीकांचा नावाच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे उतरवून वितळविण्यात आले, आणि त्याच मंदिराच्या भिंतींवर पुढे ख्रिस्ती मठ उभा राहिला. इंका गवंड्यांची करामत अशी, की प्रचंड शिळा एकमेकींस इतक्या चोख बसविलेल्या, की दरजेत चुना नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. २१ मे १९५० रोजी कुस्कोस मोठा भूकंप झाला. त्यात मठाचा बराच भाग ढासळला. त्याखालच्या जुन्या भिंती मात्र उभ्या राहिल्या आणि झाकलेले मंदिर पुन्हा लोकांच्या दृष्टीस पडले. इंकांच्या राजमार्गावर मजल दरमजल विश्रामस्थाने बांधलेली असत. तेथे राजाच्या जासुदास व सैन्यास आसरा आणि शिधा मिळे.

म्हणजे कुस्कोत मनुष्य चार गोष्टी पाहतो. चुन्यावाचून उभे राहिलेले दगडी काम, वाटसरूंसाठी केलेली सोय, एका सत्तेवर दुसरी सत्ता चढल्याच्या खुणा, आणि झाकलेल्या देवाचे पुन्हा प्रकट होणे. या चारही गोष्टी बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेल्या मेहकर गावी आहेत. त्या कुस्कोएवढ्या भव्य नाहीत, हे उघडच आहे. तथापि त्यांतून उभे राहणारे प्रश्न तेच आहेत, आणि विदर्भातील अथवा मराठवाड्यातील कुटुंबास तेथे जाण्यास एस. टी.च्या भाड्यापलीकडे फारसे द्रव्य लागत नाही.

मेहकर या नावाची उपपत्ती लोक अशी सांगतात, की येथे मेघंकर नावाचा दैत्य माजला होता, त्याचा वध विष्णूने शार्ङ्गधर रूपाने केला आणि दैत्याचे नाव गावास राहिले. सुमारे पंचवीस किलोमीटरांवरील लोणारचीही कथा तशीच आहे. तेथे लवणासुर मारला गेला आणि दैत्यसूदन विष्णूचे देवालय उभे राहिले. शेजारच्या दोन गावांनी आपापल्या नावाचा उगम एकाच साच्याच्या कथेत शोधावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ती कथा घडली की नाही, हे इतिहास सांगू शकणार नाही. परंतु या टापूत एके काळी विष्णुभक्तीचा प्रभाव मोठा होता, हे त्या कथेवरून आणि तेथील मूर्तींवरून निश्चित दिसते.

कागदोपत्री पाहिले तर अकबराने १५९६ मध्ये वऱ्हाड मोगल राज्यास जोडला, आणि अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आले. सरकार म्हणजे त्या वेळचा मोठा मुलकी विभाग. अर्थात आजचे हे तालुक्याचे गाव त्या काळी एका विस्तीर्ण मुलखाचे ठाणे होते. लोणार याच सरकारात मोडत असे. तेथील क्षारांपासून काच व साबण करण्याचे जिन्नस मिळतात आणि ब्राह्मण लोक त्या स्थळास विष्णुगया म्हणतात, अशी नोंदही त्याच ग्रंथात आहे.

गावाबाहेर एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. मध्ये मोकळा चौक आणि सभोवती खांबांच्या ओवऱ्या, अशी तिची साधी मांडणी. लोक तिला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. महाराष्ट्रात चुन्यावाचून बांधलेली जी जी इमारत दिसते ती ती लोक त्याच्या नावावर घालतात. वास्तविक अशा पुष्कळ इमारती त्याच्या जन्मापूर्वीच्या आहेत. दगड घडवून, एकास खाच व दुसऱ्यास जीभ ठेवून, केवळ वजनाच्या तोलावर इमारत उभी करणे ही त्या कारागिरांची विद्या. इंका कारागिरास मेहकरच्या पाथरवटाचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही आणि पाथरवटास त्याचे. तरी दोघांनाही एकच गोष्ट समजली होती, की दगड नीट घडविला तर त्यास लेपाची गरज पडत नाही.

या धर्मशाळेचे महत्त्व कारागिरीपेक्षाही तिच्या हेतूत आहे. देवालय बांधणारा पुष्कळदा आपले नाव राहावे म्हणून बांधतो. धर्मशाळा बांधणारा ज्याचे नाव कधीच कळणार नाही अशा वाटसरूसाठी बांधतो. मेहकरवरून जाणारा यात्रेकरू, बैलांवर माल लादून निघालेला व्यापारी आणि पैसा नसलेला भिक्षुक या सर्वांस रात्रीपुरते छप्पर मिळावे, एवढी योजना शेकडो वर्षांपूर्वी येथे कोणी तरी दगडात करून ठेवली. अल्प खर्चात प्रवास करावयास निघालेल्या मनुष्याने पहिला नमस्कार याच ओवरीस करावा, हे योग्य होय.

मेहकरच्या भरभराटीचे कारण विणकाम. येथील मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते, की गावास तट घालण्याचे काम त्यांनी आपल्या शिरावर घेतले, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. गावची एक वेस त्यांच्या नावाने ओळखली जाई. राजाने किल्ला बांधला, सरदाराने गढी बांधली, अशी वाक्ये इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी भेटतात. परंतु विणकरांनी आपल्या कमाईतून गावाची तटबंदी केली, हे वाक्य विरळाच. येथील धोतरजोड्यांची ख्याती दूरवर होती. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, आणि १८०३ च्या सुमाराच्या घोर दुष्काळाने उरलेसुरले वैभव नाहीसे केले. हातमागावर मिळविलेले वैभव दोन पिढ्यांत कसे लयास जाते, हे मेहकरच्या तटाचे अवशेष शोधीत फिरताना जितके समजते तितके व्याख्यानाने समजत नाही.

मेहकर हे फौजांच्या मार्गावरचे गाव होते. १७६९ मध्ये थोरले माधवराव पेशवे निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला याजसह येथे तळ देऊन होते. राघोबादादांस साहाय्य केल्याबद्दल नागपूरच्या जानोजी भोसल्यांस शासन करावे, हा त्या स्वारीचा हेतू. त्याच वर्षी मार्चमध्ये कनकापूरचा तह होऊन ते प्रकरण मिटले. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातील अंमल संपुष्टात येऊन हा मुलूख निजामाकडे गेला. १८१७ मध्ये इंग्रजांचा सेनापती डव्हटन नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांवर चालून जाताना येथेच उतरला होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. म्हणजे शंभर वर्षांच्या आत या गावाने पेशव्यांचा, निजामाचा, भोसल्यांचा व कंपनीचा असे निरनिराळे झेंडे पाहिले. झेंडा कोणाचाही असो, फौज उतरली की गावाचे धान्य, गवत व सरपण जाते. मेहकरच्या कुणब्याने चारही सत्तांचा इतिहास या एका मापाने मोजला असला पाहिजे.

आता मेहकरच्या मुख्य वैभवाकडे वळावयाचे. १८८८ च्या डिसेंबरात येथे जमीन खणीत असता काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फूट उंचीची विष्णुमूर्ती निघाली. तीच शार्ङ्गधर बालाजी म्हणून आज पुजली जाते. इतकी उंच आणि तरीही इतकी अभंग व रेखीव मूर्ती भुईत कशी गेली? कोणा परचक्राच्या भयाने गावकऱ्यांनीच ती जपून पुरून ठेवली असावी, हे अनुमान सयुक्तिक वाटते; कारण विध्वंस करणारा मूर्ती फोडतो, ती हलक्या हाताने जमिनीत निजवीत नाही. ती पुरणारे हात गेले, ती कोठे पुरली हे जाणणारी पिढीही गेली, आणि देव कित्येक शतके मातीखाली राहिला.

मूर्ती सापडल्यावर काय झाले, याविषयी गावात एक हकीकत सांगितली जाते. सरकारी अंमलदारांच्या मनात ती विलायतेच्या संग्रहालयास पाठवावयाची होती. हा बेत कळताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना करून टाकली. एकदा पूजा सुरू झाल्यावर देवास उचलून नेण्याचे धाडस कोणी केले नाही. मूर्तीबरोबर ताम्रपटही निघाला होता आणि तो मात्र परदेशी गेला, असेही लोक म्हणतात. ही सर्व परंपरागत हकीकत आहे व ती तशीच समजून घ्यावी. परंतु ताम्रपटाची गोष्ट खरी असेल, तर मूर्ती कोणी घडविली, कोणत्या राजाच्या कारकिर्दीत घडविली आणि देवालयास कोणती गावे इनाम होती, हे सांगणारा साक्षीदारच गेला असे म्हणावे लागेल. मूर्ती पाहून भक्ती तृप्त होते, जिज्ञासा मात्र अर्धवट उपाशी राहते.

पेरू देशाची याच प्रकारची कथा अधिक ठाऊक आहे. १९११ मध्ये हायरम बिंगम या अमेरिकन संशोधकाने कुस्कोजवळच्या माचू पिचू या इंकांच्या नगराची जगास ओळख करून दिली आणि पुढील मोहिमांतून तेथील हजारो वस्तू येल विद्यापीठात नेल्या. त्या परत मिळविण्यासाठी पेरूस जवळजवळ शंभर वर्षे झगडावे लागले. २०१० मध्ये करार झाला आणि २०१२ पर्यंत त्या वस्तू कुस्कोस परतल्या. गेलेली वस्तू परत आणण्यास एका राष्ट्राला शतक लागले. मेहकरच्या परंपरेवर विश्वास ठेवावयाचा तर आपली वस्तू मुळात जाऊच न देण्यास एका लहान गावाला एक गुरव, एक उपाध्याय आणि गावाचा एकोपा एवढ्यांवर भागले.

मेहकरात ‘कंचनीचा महाल’ या नावाची पडकी वास्तू आहे. कंचनी नावाच्या नर्तिकेस लोणारच्या देवीचा दिवा आपल्या महालावरून पाहावयाचा होता, म्हणून ती मजल्यावर मजले चढवीत गेली आणि अखेर देवीच्या कोपास पात्र झाली, अशी लोककथा आहे. लोणारच्या कमळजा देवीचे ठिकाण विवराच्या पोटात, सरोवराच्या काठी आहे. सात काय, सत्तर मजले चढविले तरी विवराच्या कडेआडचा तो दिवा मेहकरहून दिसणे नाही. कथेतील स्त्रीची इच्छा अशक्य होती हे ओळखले म्हणजे कथेची करुणता वाढते. मेहकरात राहून वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांनाही या महालाने काव्याचा विषय दिला. त्यांचीच ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळात ती घरोघर पोचली.

मेहकरास मुक्काम ठेवला म्हणजे भोवतालचा इतिहासही थोड्या भाड्यात हाती येतो. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे व सुमारे १५० मीटर खोल आहे. ते ज्वालामुखीचे असावे असे पूर्वी पुष्कळांचे मत होते. आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने ते झाले, हे १९७० नंतरच्या दशकातील संशोधनाने ठरले. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी रामसर यादीत त्याचा समावेश झाला. पश्चिमेस साखरखेर्डा आहे. तेथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. त्या लढाईत मुबारिजखान पडला आणि दक्षिणेत निजामाच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला. आणखी पश्चिमेस गेल्यावर सिंदखेड राजा लागते. लखुजी जाधवरावांचा वाडा, जिजाबाईंचे जन्मस्थान आणि १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात दगलबाजीने मारल्या गेलेल्या लखुजींची समाधी तेथे पाहावयास मिळते. हैदराबादच्या राज्याचा आरंभ आणि स्वराज्याच्या मातेचा जन्म ही दोन्ही स्थळे एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर असावीत, हे वऱ्हाडाबाहेरील किती वाचकांस ठाऊक असते?

यात्रेची तयारीही अगदी साधी आहे. मेहकरास आगगाडी नाही. परंतु जालना, खामगाव, अकोला, वाशीम, चिखली या बाजूंनी एस. टी. मिळते. मार्च २०२३ मध्ये महामंडळाने स्त्रियांस निम्मे भाडे लागू केले, आणि त्यापूर्वी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस प्रवास विनामूल्य केला. आजीस आणि सुनेस बरोबर घेण्याची अडचण त्यामुळे बरीच कमी झाली. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम. पहिला दिवस मेहकरास द्यावा, दुसरा लोणारास, तिसरा सिंदखेडास. सकाळी लवकर पायी निघावे, भाकरी व ठेचा बरोबर बांधून घ्यावा, आणि वाहनावर वाचलेला वेळ माणसांशी बोलण्यात घालवावा. मुलांच्या हाती एक वही द्यावी. खांब किती, दगडाची जोडणी कशी, शिलालेख कोठे, वृद्ध मनुष्याने कोणती आठवण सांगितली, हे त्यांनी लिहून आणावे. अशा वहीसाठी होणारा खर्च हाच या यात्रेतील सर्वांत फलदायी खर्च होय.

हे सर्व सांगण्याची निकड आता विशेष आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता सोयीचा आहे यात संशय नाही. पूर्वीचा वाटसरू मात्र मेहकरास मुक्काम करी, कारण त्याचे बैल थकत. आजची मोटार थकत नाही, म्हणून मेहकरचा फलक डोळ्यांपुढून निघून जातो आणि आतील मंडळी पुढच्या उपाहारगृहाची चौकशी करू लागतात. ज्या वास्तूस कोणी पाहावयास येत नाही, तिचे दगड हळूहळू शेजारच्या जोत्यात जातात, हा वऱ्हाडातील कित्येक जुन्या देवळांचा अनुभव आहे. त्यासाठी परचक्र यावे लागत नाही. लोकांचे दुर्लक्ष तेवढे पुरते. याच्या उलट, चार शहरी कुटुंबे एखाद्या पडक्या ओवरीपुढे थांबून चौकशी करू लागली, की गावातील पोरेही तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतात, आणि ओवरीत बांधलेले जनावर दुसरीकडे जाते.

कुस्को पाहण्याची इच्छा कोणी सोडावी असे नाही. ज्यास शक्य असेल त्याने अवश्य जावे. मात्र मेहकरच्या ओवरीत खाच आणि जीभ यांची जोडणी बोटाने चाचपून पाहिलेल्या मुलास कुस्कोची भिंत अधिक चांगली समजेल. आणि तेथवर जाणे ज्यास कधीच घडणार नाही, त्यासही मनुष्याने दगड का घडविला, देव का लपविला आणि वाटसरूस छप्पर का दिले, हे विचारण्याचा अधिकार तीन दिवसांच्या रजेत आणि माफक भाड्यात मिळेल. ती रजा येत्या थंडीतच काढावी.